पहिल्या पाळीच्या आधी : गावच्या शाळेत पाळीबद्दल कसं शिकवायचं

शाळा सुटायची वेळ होती. वंदे मातरम् सुरू झालं, सगळा वर्ग उभा राहिला आणि सहावीतली एक मुलगी बसूनच राहिली. मी डोळे वटारले, तरी उठेना. गाणं संपल्यावर मी तिला सगळ्यांदेखत झापलं. मग ती उठली, मागे भूगोलाचं पुस्तक धरून, भिंतीला पाठ लावून सरकत सरकत दारापर्यंत गेली. बसकरपट्टीवर ओला डाग होता. पुढचे आठ दिवस ती शाळेत आली नाही.

मला नोकरीला लागून तेव्हा तीन वर्षं झाली होती. डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता, चांगले मार्कही होते. त्या दिवशी जे कळायला हवं होतं ते मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या मुलीलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं की पोटात काहीतरी फाटलंय.

त्यानंतर मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या वेगवेगळ्या शाळांत शिकवताना चुकत-माकत एक पद्धत बसत गेली. ती इथे लिहिते आहे, ज्यांच्या शाळेत हे अजून होत नाही त्यांच्यासाठी. माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. माहिती पहिल्या पाळीच्या आधी पोचली पाहिजे, आणि गरज पडेल तेव्हा मुलीच्या हाताला पॅड कुणाला न विचारता लागलं पाहिजे. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठी.

आधी मुलींच्या संडासात जाऊन या

तास, तक्ते, व्याख्यान हे नंतर. आधी मुलींच्या संडासात जा, दार लावा आणि पाच मिनिटं आत थांबा. शाळेत बाई नसतील तर आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना हे काम सांगा, पण कुणीतरी बाईमाणसानेच आत जाऊन बघायचं.

कडी आतून लागते का? दाराखालच्या फटीतून पाय दिसतात का? दार लावल्यावर कपड्यावरचा डाग दिसेल इतका उजेड राहतो का? पाणी आतच आहे की बादली घेऊन सगळं मैदान ओलांडावं लागतं? पॅड बदलायला दोन्ही हात लागतात. मग ओढणी, नवं पॅड, कागद हे सगळं ठेवायचं कुठे, ओल्या फरशीवर? म्हणून आतल्या भिंतीत एक खिळा ठोका आणि त्याला कापडी पिशवी अडकवा. शाळेत याहून स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

आणि कुलूप. मी गेले त्या तीन शाळांत मुलींचं संडास कुलूप लावून ठेवलेलं होतं, 'घाण करतात' म्हणून. किल्ली हेडसरांच्या टेबलावर. बारा वर्षांची मुलगी पाच सर बसलेल्या ऑफिसात जाऊन ती किल्ली मागेल का? ती दिवसभर पाणीच पीत नाही, लघवी दाबून धरते, आणि पाळीच्या दिवसांत शाळेतच येत नाही. केंद्र सरकारने २०१५ साली पाळीच्या स्वच्छतेबद्दल राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात शाळेत पाणी, साबण, आडोसा आणि वापरलेलं पॅड टाकायची सोय असावी असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हेडसरांशी बोलताना तो कागद सोबत ठेवा. सुचवून जे होत नाही ते कागदाने होतं.

पाण्याची बादली भरायचं काम मुलींच्या गळ्यात मारू नका. रोज सकाळी वर्गवार नंबर लावा, मुलग्यांसकट.

आयांची सभा

मुलींशी बोलण्याआधी आयांशी बोलायचं. यातला क्रम चुकला तर दुसऱ्या दिवशी कुणाचे तरी वडील फाटकाशी उभे असतात.

पहिल्या वर्षी मी हे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडलं, कारण त्या दिवशी आया हमखास शाळेत येतात. नंतर लक्षात आलं की विधवा आया आल्याच नव्हत्या, आणि ज्यांची पाळी चालू होती त्याही घरीच राहिल्या होत्या. पाळीवर बोलायला सभा बोलवायची आणि पाळी आलेल्या बाईनेच बाहेर राहायचं, हे मला फार लागलं. तेव्हापासून मी त्याला फक्त 'माता-पालक सभा' म्हणते, तिळगूळ सगळ्यांना देते आणि निरोप पाठवतानाच सांगते की प्रत्येकीने यायचं, कुठलीही अडचण असली तरी.

सभेत आधी मी बोलत नाही. एकच प्रश्न विचारते, 'तुमची पहिली पाळी आली तेव्हा तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का?' थोडा वेळ शांतता असते. मग मागून एखादी आजी सुरू करते. एका आजींनी सांगितलं की शेतात वेचणी करताना काटा लागलाय असं समजून त्यांनी दोन दिवस कापडात हळद दाबून धरली होती. सगळ्या हसल्या, आणि हसता हसता दोघी-तिघींनी डोळे पुसले. त्यानंतर 'मुलींना हे कशाला सांगता' असं त्या सभेत कुणीच म्हणालं नाही.

वर्गात जे दाखवणार आहात ते सगळं आयांना आधी दाखवा, अगदी प्रत्येक चित्र. आणि घरून एक गोष्ट हवी आहे असं सांगा : मुलीच्या दप्तरात एक जादा निकर आणि घडी केलेलं सुती कापड.

पाचवीतच सुरुवात

पहिली पाळी साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान येते. आठवीत व्याख्यान ठेवणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत शाकारणं. पाचवीत, जूनमध्ये शाळा सुरू झाली की महिन्याभरात पहिला तास घ्यायचा. नंतर सहावी-सातवीत तोच विषय पुन्हा, थोडा वाढवून. एकदा सांगून हे कुणालाच कळत नाही.

तासाची सुरुवात शब्दांनी करा. मुलींना विचारा, घरी याला काय म्हणतात? कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण, एमसी, डेट, बाजूला बसली. सगळे शब्द फळ्यावर लिहा. मग त्यांच्या वर मोठ्या अक्षरात 'मासिक पाळी' लिहा आणि सगळ्या वर्गाकडून मोठ्याने तीनदा म्हणून घ्या. पहिल्यांदा तोंडावर हात जातात, तिसऱ्यांदा जात नाहीत. घरच्या शब्दांना हसू नका किंवा ते चूक ठरवू नका. आईशी बोलताना मुलीला तेच शब्द लागणार आहेत.

शरीर मी वरांड्यात रांगोळीने काढते. तक्ता भिंतीवर असतो, लांबून दिसतो. रांगोळीभोवती मुली गोल बसतात, बोट लावून विचारतात. गर्भाशय म्हणजे उलटा ठेवलेला लहान पेरू, मुलीच्या स्वतःच्या मुठीपेक्षा मोठा नाही. दोन्ही बाजूंना दोन नळ्या, प्रत्येक नळीच्या टोकाशी बदामाएवढं बीजकोश. नळ्यांसाठी सुतळी ठेवा, बीजकोशांसाठी खरे बदाम. तास संपल्यावर ते वाटून खायचे.

मग सांगायचं : 'महिन्याला या गर्भपिशवीच्या आत एक मऊ अस्तर तयार होतं, गोधडीसारखं. बाळ राहिलं तर त्याचं अंथरूण. बाळ नसलं की ती गोधडी लागत नाही, मग ते अस्तर सुटून रक्ताबरोबर बाहेर येतं. दुसऱ्या महिन्यात नवीन.' हे रक्त घाण नसतं. अंगात फिरतं तेच ते रक्त. एका पाळीत सरासरी तीस ते चाळीस मिलीलीटर जातं. पाहुण्यांना देतो तो चहाचा कप अर्धासुद्धा भरत नाही. मी कपात लाल पाणी मोजून ओतते, कारण मुलींना वाटत असतं की अंगातलं सगळं रक्त चाललंय.

एक गोष्ट इथे वगळू नका. लघवीची जागा, पाळीची जागा आणि शौचाची जागा या तीन वेगळ्या आहेत. हे चित्र काढून दाखवा. आयांच्या सभेतसुद्धा निम्म्या बायकांना हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं, आणि त्यातूनच मग धुताना पुढून मागे का धुवायचं ते पटतं.

पाळी दोन ते सात दिवस राहते. पहिली दोन वर्षं ती अनियमित असते. कधी एकवीस दिवसांनी येईल, कधी दीड महिन्याने. वहीच्या शेवटच्या पानावर बारा महिने आखून द्या, पाळी आली की त्या तारखेला छोटा ठिपका. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको, ते सगळं घर वाचतं.

पॅड आणि कपडा, हातात घेऊन

या तासाला सामान लागतं : दोन-तीन नव्या निकर, पॅडचं पाकीट, सुती लुगड्याचं कापड, लाल शाई घातलेलं पाणी, वर्तमानपत्र, साबण, बादली. पाणी लालच हवं. जाहिरातींनी वर्षानुवर्षं निळं पाणी दाखवलं आणि मुलींना वाटत राहिलं की त्यांचं काहीतरी वेगळंच आहे.

पाकीट फोडून पॅड प्रत्येकीच्या हातात द्या. मागचा कागद काढायचा, चिकट बाजू निकरला, पंख खाली दुमडायचे. हे ऐकायला सोपं वाटतं. एका मुलीने चिकट बाजू अंगाला लावली होती आणि दिवसभर सोसली होती, ते तिने मला दोन वर्षांनी सांगितलं. म्हणून प्रत्येकीने स्वतःच्या हाताने निकरवर पॅड लावून दाखवायचं, कुणी सुटलं नाही पाहिजे. मग चमच्याने लाल पाणी टाका, वरून बोटाने दाबा, कापडावरही तेच करा. दोन्हीत काय फरक पडतो ते त्यांनाच सांगू द्या.

पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, ओलं झालं नसलं तरी. म्हणजे शाळेच्या दिवसात एकदा, मधल्या सुट्टीत. बदलण्याआधीही हात धुवायचे आणि नंतरही. ती जागा साध्या पाण्याने धुवायची, साबण आत घालायचा नाही.

कपड्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण आरोग्याच्या नावाने येणारी माणसं कपड्याला नावं ठेवून जातात आणि मागे राहिलेली मुलगी ओशाळते. तिच्या घरी तेवढंच असतं. स्वच्छ, मऊ, सुती कपडा वापरण्यात काहीही वाईट नाही. वाईट होतं ते धुणं आणि वाळवणं नीट न झाल्याने. आधी थंड पाण्यात भिजवायचा. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबणाने चोळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळायचा आणि उन्हात वाळवायचा. इथे सगळं अडतं. मुली कपडा पलंगाखाली, पत्र्याच्या आड, परकराच्या खाली वाळत घालतात. ओलसर अंधारात वाळलेला कपडा वापरला की खाज येते, फोड येतात. आयांच्या सभेत यावर तोड निघाली ती अशी : दोरीवर कपडा उन्हाच्या बाजूला आणि त्याच्यावरून अगदी पातळ ओढणी. ऊनही लागतं, दिसतही नाही. कपडा घरात कुणी बघू नये असं का वाटतं, तो प्रश्न मोठा आहे. पण तो सुटेपर्यंत मुलीने ओला कपडा का वापरायचा?

सिंथेटिक साडीचा कपडा मात्र नको, तो शोषत नाही. आणि बहिणीबहिणींनी एकमेकींचा वापरायचा नाही.

विकतच्या पॅडची माहितीही द्या. २०१८ च्या महिला दिनी राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा शाळकरी मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना ठरलं होतं. २०१९ पासून जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळतं. तुमच्या आशाताईंकडे आज काय आहे ते आधी विचारून घ्या आणि मगच वर्गात सांगा. योजना कुठलीही असो, पुरवठ्यात खंड पडतो, आणि सांगितलेलं पाकीट मिळालं नाही की मुलीचा आपल्यावरचा विश्वास जातो.

वापरलेलं पॅड

संडासात टाकायचं नाही. गुंडाळी करायची, वर्तमानपत्रात बांधायची, झाकणाच्या डब्यात टाकायची. सरकारच्या घनकचरा नियमांतही असंच गुंडाळून वेगळं द्यायला सांगितलं आहे. पुण्यात कचरावेचक बायकांनी गुंडाळीवर लाल ठिपका काढायचा आग्रह धरला, म्हणजे आत काय आहे ते उघडून बघावं लागत नाही. हे वर्गात जरूर सांगा. आपला कचरा दुसऱ्या कुठल्या तरी बाईच्या हातात जातो, ही गोष्ट मुलींना लगेच समजते.

गावात घंटागाडी नसेल तर अडचण आहे. हातपंपापासून चांगला लांब, पुरुषभर खोल, झाकणाचा खड्डा हा नाइलाजाचा मार्ग, कारण पॅडमधलं प्लॅस्टिक कुजत नाही. उघड्यावर जाळू नका, तो धूर विषारी असतो. काही शाळांना जाळायचं मशीन मिळालेलं असतं. ते चालू आहे का, वीज किती वेळ असते आणि राख कोण काढतं, एवढं बघून मगच मुलींना दाखवा.

आणि संडासात रक्त दिसलं तर एक बादली पाणी ओता, फडा मारा, विषय संपवा. 'कुणी केलं?' हा प्रश्न तोंडातून काढू नका. २०२५ च्या जुलैत ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी केली गेली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या मुली ते आयुष्यभर विसरणार नाहीत.

प्रश्नपेटी

खडूच्या खोक्याला वरून चीर पाडा. तास संपताना प्रत्येकीला सारखाच कागद द्या आणि प्रत्येकीने चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी. हा नियम महत्त्वाचा. नाहीतर चिठ्ठी टाकणारी मुलगी सगळ्यांना दिसते. उत्तरं दुसऱ्या दिवशी द्या, म्हणजे आपल्यालाही विचार करायला रात्र मिळते.

काही प्रश्न दरवर्षी येतात. डोकं धुतलं तर पाळी थांबते का? नाही, रोज आंघोळ करायची, डोकंही धुवायचं. खो-खो खेळलं तर चालतं का? चालतं, बरं वाटत असेल तर खेळायचं. सगळ्या मैत्रिणींना आली, मला नाही, माझ्यात दोष आहे का? नाही. पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत वाट बघायची, तोवर नाही आली तर डॉक्टरांना दाखवायचं. अंगावर पांढरं जातं ते काय? थोडं जाणं साहजिक आहे. वास, खाज, दह्यासारख्या गुठळ्या असतील तर दवाखान्यातल्या सिस्टरना सांगायचं. बाई, तुम्हालाही येते का? हो, येते. हे उत्तर देताना पहिल्या वर्षी माझा आवाज बारीक झाला होता.

एक चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. 'पाळी आली म्हणून आता माझं लग्न लावतील का.' प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. आमच्या भागात हा प्रश्न कल्पनेतला नाही. त्या तासाला मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. पाळी आली म्हणजे शरीर वाढायला लागलं, एवढंच. अंग अजून भरायचं असतं. मुलीचं लग्न अठराच्या आत करणं हा गुन्हा आहे, २००६ चा कायदा आहे. कुणी जबरदस्ती करत असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फुकट लागतो, आणि गावात ग्रामसेवकाला सांगता येतं. मी वर्गाकडून तो नंबर पाठ करून घेतला, पाढ्यासारखा. आजही दर वर्षी घेते.

पोटातली कळ आणि निळी गोळी

पहिल्या दिवशी ओटीपोटात कळ येते, कारण ती मुठीएवढी पिशवी आवळून अस्तर बाहेर ढकलत असते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायची, थोडं चालायचं. गोळी द्यायची असेल तर सिस्टरना विचारूनच, दुकानातून परस्पर नको.

दर सोमवारी शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी हा याच विषयाचा भाग आहे, पण तसं कुणी सांगत नाही. महिन्याला रक्त जातं आणि जेवणात लोह कमी, मग मुलगी धापा टाकते, वर्गात झोपते. गोळी खिचडी खाल्ल्यावर, आपल्यासमोर. त्यावर लगेच चहा नको, लिंबू चालेल. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. हे आधी सांगितलं नाही तर गोळ्या खिडकीबाहेर पडतात, मी गोळा केल्या आहेत.

दवाखान्यात कधी न्यायचं ते मुलींना आणि आयांना दोघींनाही सांगा : तासा-तासाला पॅड भिजत असेल, आठ दिवसांपेक्षा जास्त जात असेल, ताप असेल, चक्कर येऊन पडत असेल, किंवा कळ इतकी की दर महिन्याला शाळा बुडते. 'बायकांना दुखतंच' हे उत्तर नाही.

मुलगे

पहिल्या काही वर्षांत मी मुलग्यांना मैदानावर पाठवत होते. ते खिडकीशी यायचे. मग सगळा आठवडा मुलींना चिडवायचे. चूक माझी होती, मी त्यांना फक्त एवढंच शिकवलं होतं की इथे काहीतरी लपवण्यासारखं आहे.

आता पाचवीत वेगवेगळे तास, सहावीपासून एक तास एकत्र. मुलग्यांच्या तासाची सुरुवात त्यांच्यापासून होते : आवाज फुटणं, मिसरूड, रात्री कपडे ओले होणं. याला 'स्वप्नदोष' म्हणतात, पण त्यात दोष काहीच नाही, हे ऐकून त्यांचे चेहरे सैल होतात. मग ते मुलींबद्दल ऐकायला तयार असतात. त्यांच्यासाठी करायच्या गोष्टी ठरवून द्या. कुणाच्या कपड्यावर डाग दिसला तर बोट दाखवायचं नाही, दुसऱ्या मुलीला हळूच सांगायचं. घरी बहिणीला त्या दिवशी हांडा उचलायला लावायचा नाही, आपण उचलायचा. सातवीतला एक मुलगा एकदा स्वतःचा स्वेटर काढून एका मुलीला देऊन गेला, कमरेला बांधायला. उन्हाळ्यात स्वेटर कशाला आणलास असं मी त्याला सकाळीच विचारलं होतं. बहिणीसाठी रोज दप्तरात ठेवतो, म्हणाला.

शाळेत सरच असतील तरी हा तास टाळू नका. आशाताईंना किंवा सिस्टरना बोलवा, पण पहिली दहा मिनिटं सरांनी बसावं आणि 'मासिक पाळी' हा शब्द स्वतः उच्चारावा. त्या दहा मिनिटांचा परिणाम मोठा होतो.

विटाळ

या विषयावर वर्गात भांडण लावू नका. मुलीने घरी जाऊन आजीशी वाद घातला तर मार तिला बसतो. मी विचारते, कुठली बंधनं तुम्हाला त्रास देतात? आंघोळ करू न देणं, वेगळं निजवणं, दूध-भाजी न देणं, शाळेत न पाठवणं हे तब्येतीला घातक आहे, यावर मी ठाम बोलते. देवघरात जायचं की नाही हे मी घरांवर सोडते. माझं मत कुणी विचारलं तर सांगते.

लोणच्याचं मात्र मी करून दाखवलं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी मी कैरीचं लोणचं घातलं, बरणीवर तारीख लिहिली, आणि ऑगस्टमध्ये खिचडीबरोबर शाळेत वाढलं. सगळ्यांनी मागून खाल्लं. मग तारखेचा अर्थ सांगितला. स्वयंपाकाच्या मावशींनी मला त्या दिवशी काही न बोलता अजून एक फोड वाढली.

गडचिरोलीत माडिया गोंड पाड्यांवर पाळीच्या दिवसांत बायकांना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावं लागतं. नेपाळमध्ये अशीच छाऊपडीची प्रथा आहे, आणि तिथे २०१७ साली कायद्याने तो गुन्हा ठरला. अशा भागात शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी प्रथेवर बोलण्याऐवजी त्या झोपडीत दिवा, पाणी, पक्कं दार आणि साप येणार नाही असा ओटा आहे का, ते बघावं. मुलगी आज रात्री तिथे झोपणार आहे.

कपाट

शाळेतली पॅड हेडसरांच्या कपाटात ठेवली की ती तिथेच राहतात. आमच्याकडे मुलींच्या संडासाशेजारी, उंचावर, बिनकुलपाची एक पत्र्याची पेटी आहे. त्यात पॅड्स, चार निकर, एक जुना परकर, कागद, साबण. सातवीतल्या दोन मुली शनिवारी मोजतात. कुणी घेतलं ते लिहायचं नाही, किती उरली एवढंच. 'चोरी होईल' असं सगळे म्हणाले होते. पहिल्या महिन्यात पेटी दोनदा रिकामी झाली, मुली घरी बहिणींसाठी नेत होत्या. आम्ही पेटी भरत राहिलो. तिसऱ्या महिन्यापासून खप स्थिर झाला. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने निघतात, कमी पडले तर पंधरा ऑगस्टला गावकरी देतात.

बौद्धिक वाढ कमी असलेल्या मुलीला हे शब्दांत कळत नाही. तिला बाहुलीवर पॅड लावून, रोज तीच कृती, त्याच क्रमाने दाखवा, आणि आईला सोबत घ्या.

दसऱ्याच्या आत

आमच्या गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही मुली आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात. तिथे संडास नाही, पाणी लांब, आणि आई एक दिवस बसली की खाडा पडतो, पैसे कापले जातात. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. या मुलींना रांगोळीभोवती बसवून मी वेगळं सांगते : ही पिशवी फक्त मूल होण्यापुरती नाही, ती काढली की अंगावर इतर परिणाम होतात. अंगावरून जातंय, कंबर दुखतेय म्हणून कुणी लगेच काढायला सांगितलं, तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय आईला हो म्हणू द्यायचं नाही.

आणि जाण्याआधी प्रत्येकीला एक पिशवी भरून देतो. पॅडची दोन पाकिटं, पण ती संपणार, म्हणून धुता येणारे सुती घडीचे सहा कपडे. दोन गडद रंगाच्या निकर. कपड्याच्या साबणाची वडी. दोरी आणि चार चिमटे, वर टाकायला पातळ ओढणी. निळ्या गोळ्या, सोमवार मोजून. वहीचं ते बारा महिन्यांचं पान आणि त्याच्या मागे १०९८. पिशवी मुलीच्या हातात द्यायची, आईसमोर, आणि आत काय आहे ते मुलीनेच आईला एकेक काढून सांगायचं.